प्रकल्प नोंदी: सँडविच नावाचा माणूस

८ जून, रविवार
वाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेचा विषय ठरला एकदाचा, माणसांच्या नावावरून आलेले शब्द. चार शनिवार, चार जण, प्रत्येकी चाळीस मिनिटं. बॉयकॉट गेला, डिझेल गेलं, गिलोटिन एका डॉक्टरबाईंनी आधीच पटकावलं, आणि मी मीटिंगला उशिरा पोचलो म्हणून माझ्या पदरात सँडविच. चिटणीस म्हणाले, तुम्हाला सोप्पं आहे, जुगाराच्या टेबलावरून उठायला नको म्हणून त्याने पावात मांस घालून मागवलं, झालं, उरलेल्या वेळात पाककृती सांगा. सगळे हसले. मीपण हसलो.
काम असं ठरवलंय: एक वही, एक स्लाइडची फाइल, आणि रेकॉर्डिंग भाचा करणार (ज्यांना जिना चढून येता येत नाही त्यांना ऐकायला). तारीख २३ ऑगस्ट.

११ जून
पहिल्याच आठवड्यात घोळ. तीन दिवस ज्या सँडविचची टिपणं काढत होतो तो चुकीचा निघाला. अर्ल ऑफ सँडविच ही पिढीजात पदवी आहे, आणि मी वाचत होतो तो पहिला, एडवर्ड माँटेग्यू, दर्यासारंग, १६७२ मध्ये डच लोकांशी लढताना मेला. आपला माणूस चौथा, जॉन माँटेग्यू, जन्म १७१८. पहिला म्हणजे ह्याचा खापरपणजोबा. पंधरा पानं फुकट, असं म्हणून फाडणारच होतो तेवढ्यात एक ओळ डोळ्यात भरली. १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सची नवरी, पोर्तुगालची कॅथरीन, तिला लिस्बनहून इंग्लंडला जहाजातून घेऊन येणारा हाच खापरपणजोबा. म्हंजे जिच्या आंदणात मुंबई गेली त्या नवरीचा वऱ्हाडी! हे पान ठेवलं. मुंबईत सँडविच कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं त्याच्याशी ह्याचा काडीचा संबंध नाही हे मला कळतं, पण लोकांना आवडेल.
आणि गंमत म्हणजे सँडविच हे केंट परगण्यातलं गाव, पहिल्याचं आरमार १६६० मध्ये त्या बाजूला नांगरलेलं होतं म्हणून पदवीला ते नाव घेतलं. घराणं राहायचं तिथून लांब, हंटिंग्डनला, हिंचिंगब्रूक नावाच्या वाड्यात. तो वाडा आधी जोगिणींचा मठ, मग क्रॉमवेलच्या घराण्याकडे, आता तिथे शाळा आहे.

१५ जून
बालपण पटकन उरकतो. बाप लवकर गेला, आजोबा १७२९ मध्ये गेले, दहा वर्षांचं पोर अर्ल झालं. ईटन, केंब्रिज. मग सगळे श्रीमंत पोरगे फ्रान्स-इटली करून यायचे तसा हा पण निघाला, पण हा जहाज घेऊन थेट ग्रीस, तुर्कस्तान, इजिप्तपर्यंत गेला, १७३८-३९. सोबत ल्योतार नावाचा चित्रकार. येताना ममी आणल्या, एक कोरीव लेख असलेला संगमरवर आणला तो कॉलेजला देऊन टाकला. परत आल्यावर मित्रांचा एक क्लब काढला, दिवाण क्लब, त्यात प्रवेशाची अट एकच, तुर्कस्तान बघितलेला पाहिजे. आपल्याकडे हिमालयात जाऊन आलेल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो तसंच.
एक महत्त्वाची गोष्ट अधोरेखित करून ठेवतोय: अर्लच्या मानाने हा गरीब होता. जमिनीचं उत्पन्न बेताचं, खर्च अर्लचे. त्यामुळे सरकारी पद हे ह्याच्यासाठी मिरवण्यापुरतं नव्हतं, घर त्यावर चालायचं. हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच उलगडतं, पद सुटलं की दुसरं कुठलंतरी धरायची धडपड, आयर्लंडच्या खजिन्याचं, मग पोस्टमास्तर जनरल, काय मिळेल ते.
सैन्यातही नाव होतं, १७४५ च्या बंडाच्या वेळी भरती झालेला, नंतर कधी लढाई बघितली नाही, पण यादीत नाव राहिलं आणि सेवाज्येष्ठतेने सरकत सरकत शेवटी जनरल झाला. आमच्या कंपनीत असे दोन आहेत.

१९ जून
आज मूळ मुद्द्याला हात घातला. पावाचा किस्सा येतो कुठून?
एक फ्रेंच प्रवासी, ग्रोस्ले, १७६५ मध्ये लंडनला आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात आहे की एक मंत्री चोवीस तास जुगाराच्या टेबलावर बसला, खेळात इतका गुंग की भाजलेल्या ब्रेडच्या दोन कापांत मांसाचा तुकडा एवढंच खाल्लं, आणि मग त्या खाण्याला त्याचं नाव पडलं. बस. जगभर जो किस्सा सांगतात तो एवढ्यावर उभा आहे, एका टुरिस्टने ऐकलेली गोष्ट. शब्द मात्र त्याआधीचा आहे, गिबन (तोच, रोमन साम्राज्याचा इतिहास लिहिणारा) त्याच्या रोजनिशीत २४ नोव्हेंबर १७६२ ला लिहितो की एका क्लबात वीसतीस बडी मंडळी छोट्या टेबलांवर बसून थंड मांस नाहीतर सँडविच खात होती. म्हंजे तोवर ते नाव रुळलेलं.
बरं, तो जुगारी होता का? थोडाफार सगळेच होते, ते शतकच तसलं. पण पैसे उधळायला मुळात होते कुठे. त्याचं चरित्र लिहिणाऱ्या एका आरमारी इतिहासकाराचा अंदाज असा की हा माणूस जेवायला न उठता जिथे तासन्तास बसायचा ते टेबल पत्त्यांचं नसून कामाचं असावं, फायलींचं. पुरावा त्यालाही नाही, अंदाजच आहे, पण पटतो मला.
घरी सांगितलं तर ही म्हणाली, तुम्ही ऑफिसात डबा उघडा ठेवून एका हाताने कॉम्प्युटर चालवता, तुमच्या नावाने काय निघालं? पोळीचा रोल माझ्या नावाने पेटंट करावा म्हणतो.

२४ जून
विल्क्स प्रकरण. ह्याच्यावर एक अख्खं व्याख्यान होईल, मला पाच मिनिटांत बसवायचंय.
जॉन विल्क्स, खासदार, सरकारवर जहरी लिहायचा, सामान्य लोकांचा लाडका. १७६३ मध्ये सरकारला त्याला अडकवायचं होतं. त्याच्या नावावर एक अश्लील कविता सापडली, खाजगीत मोजक्याच प्रती छापत होता. १५ नोव्हेंबरला लॉर्ड्सच्या सभागृहात ती मोठ्याने वाचून दाखवायचं काम कोणी केलं, तर सँडविचने. सँडविच हा काही संत नव्हता, बाहेरख्याली म्हणून सगळ्या लंडनला माहीत, वर विल्क्स आणि तो जुने यारदोस्त, एकाच चावट मंडळातले. लोकांना कविता खटकली नाही, हे खटकलं. त्याच सुमारास एका गाजलेल्या संगीत नाटकात दरोडेखोर म्हणतो की जेमी ट्विचरने माझी चहाडी करावी ह्याचं मला आश्चर्य वाटतं, त्या वाक्याला थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी, आणि त्या दिवसापासून सँडविच म्हणजे जेमी ट्विचर. मरेपर्यंत सुटलं नाही ते नाव.
दुसरा प्रसिद्ध किस्सा, सँडविच म्हणाला तू फासावर मरशील नाहीतर गुप्तरोगाने, आणि विल्क्स म्हणाला ते अवलंबून आहे, मी तुमची तत्त्वं जवळ करतो की तुमची रखेल. भाच्याला हा इतका आवडला की त्याला सुरुवातच ह्याने करायची आहे. अडचण अशी की हेच उत्तर दुसऱ्याच एका नटाच्या नावावरही सांगतात. घेऊ, पण "असं सांगतात" लावून.
माझ्या लक्षात यायला लागलंय, ह्या माणसाच्या अंगाला जे चिकटलंय ते बहुतेक विरोधकांनी किंवा तिऱ्हाइताने चिकटवलेलं.

२९ जून
आजची नोंद लांबणार. आज मला माझा माणूस सापडला.
मी गेली बावीस वर्षं स्टोअर्सला आहे. माल आला, मोजला, रॅकवर लावला, जुना आधी काढला, नवा मागे. कोणी विचारत नाही. माल संपला की मात्र सगळा कारखाना तुमच्या दारात.
तर हा सँडविच आरमारमंत्री (ॲडमिरल्टीचा पहिला लॉर्ड म्हणतात तिकडे) तीनदा झाला, १७४८ ते ५१, मग १७६३ मध्ये काही महिने, आणि मग १७७१ ते १७८२ सलग. पहिल्यांदा झाला तेव्हा तिशीही गाठली नव्हती, आणि युरोपातलं तेव्हाचं मोठं युद्ध मिटवणारा आखेनचा तह घडवायलाही हाच होता. पण माझा जीव अडकला तो १७७१ मध्ये. ह्याने खुर्चीवर बसल्या बसल्या काय केलं, तर गोद्या बघायला गेला. डेप्टफर्ड, वुलिच, चॅटम, पोर्ट्समथ, प्लिमथ. आणि मग जवळजवळ दरवर्षी. त्याने नंतर लिहून ठेवलंय की मी आलो तेव्हा गोद्यांमध्ये लाकूड जवळपास नव्हतंच, डेप्टफर्डचं काम तर ठप्प.
झालं होतं असं. आधीच्या मोठ्या युद्धात (१७५६-६३) घाईघाईत जहाजं बांधली, ओल्या ओकची. ओलं लाकूड बंदिस्त जागेत कुजतं, बुरशी धरते. युद्ध संपलं तेव्हा कागदावर आरमार जगात एक नंबर, प्रत्यक्षात आतून पोकळ. ह्यावर औषध एकच, लाकूड आणा, रचा, हवा लागू द्या, काही वर्षं वाट बघा, जहाजाचा सांगाडा उभा करून तोही काही काळ तसाच वाळू द्या. म्हंजे आज खर्च करा आणि फळ कोणीतरी दुसरा मंत्री खाईल. शिवाय लाकडाचे व्यापारी संगनमत करून भाव चढवून बसलेले. ह्याने बाहेरून, जर्मन मुलखातून, श्टेटिनच्या बाजूने ओक मागवला आणि त्यांची मक्तेदारी मोडली. हे वाचताना मी एकटाच टाळी वाजवली, ही स्वयंपाकघरातून बघायला आली काय झालं म्हणून.
आपल्या बाजूचा एक धागा पण आहे. ओक खाणारी दुसरी मोठी गिऱ्हाईक म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी, तिची थोराड जहाजं. १७७२ मध्ये कायदा झाला की कंपनीची एकूण जहाजं ४५,००० टनांच्या आत येईपर्यंत नवी बांधायची नाहीत, लाकूड आरमाराला पाहिजे. पुढे अर्ध्या शतकाने ह्याच इंग्रजांना मुंबईच्या गोदीतलं सागवान कळलं, वाडियांनी बांधलेलं ट्रिंकोमाली, १८१७ चं, आजही पाण्यावर तरंगतंय हार्टलपूलला. सागाला ओकचे हे नखरे नाहीत. पण तो सँडविचच्या मागचा काळ, इथे थांबतो.
व्हिक्टरी हे सगळ्यात नावाजलेलं जहाज घ्या. साधारण ६,००० झाडं लागली म्हणतात, बहुतेक ओक. १७५९ मध्ये पायाभरणी, युद्धाची निकड संपली म्हणून सांगाडा निवांत वाळत पडला, १७६५ ला पाण्यात, आणि खरं कामाला लागलं १७७८ मध्ये, सँडविचच्या काळात. ते अजून शाबूत आहे त्याचं एक कारण हेच सांगतात, वाळायला वेळ मिळाला.
गोदीतल्या सुतारांना रोजावरून काढून कामाच्या मापावर पैसे द्यायची पद्धतही ह्याने आणली, १७७५ मध्ये त्यावरून संप झाला. पीस रेट! अडीचशे वर्षं झाली, भांडण तेच.
त्याची एक सवय सांगतात. अर्जदाराने म्हणणं एका पानात मांडून त्याच पानाच्या तळाशी सही केली तर लगेच उत्तर, पान उलटायला लावलं तर माझ्या सवडीने. हे आमच्या पर्चेसवाल्यांना फ्रेम करून द्यावंसं वाटतं.

६ जुलै, आषाढी
उपासाचं साबुदाण्याचं खाऊन बरण्यांचा प्रयोग लावला. व्याख्यानात तांब्याचा भाग आहे तो नुसता बोलून कळत नाही म्हणून. दोन लोणच्याच्या बरण्या, दोन्हीत सारखं मिठाचं पाणी. एकीत नुसता लोखंडी खिळा. दुसरीत तसाच खिळा, पण देवघरातल्या जुन्या तांब्याच्या ताम्हनाची तुटलेली पट्टी त्याला तारेने घट्ट बांधून. (ताम्हन आधीच तुटलेलं होतं, हे घरी तीनदा सांगावं लागलं.)
कशासाठी, तर जहाजाच्या बुडाला समुद्रातला किडा लागतो, लाकूड पोखरतो, आणि शेवाळ-शिंपले चिकटून जहाज जड होतं. तांब्याचे पत्रे ठोकले की दोन्ही बंद, जहाज पळतं पण जोरात. पण पत्र्याच्या मागे लोखंडी बोल्ट असतात आणि खाऱ्या पाण्यात तांबं लोखंडाला खातं.

१० जुलै
चार दिवसांत निकाल. नुसता खिळा तांबूस झालाय. पट्टीवाल्या बरणीत पाणी गढूळ विटकरी, तळाला गाळ, खिळ्याला बोट लावलं की काळपट साल निघतेय. भाच्याने फोटो काढले, दोन्ही बरण्या शेजारी ठेवून, मागे पांढरा पंचा.
१७७९ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत सँडविच आणि जहाजांचा कारभार बघणारा त्याचा कंट्रोलर मिडलटन ह्यांनी जवळजवळ अख्ख्या आरमाराला तांबं ठोकलं. राजाला पटवायला बेलोना नावाच्या जहाजाची प्रतिकृती नेली होती, बुडाला तांबं लावून. समोर फ्रान्स, स्पेन, नंतर हॉलंडही, आपली जहाजं मोजायला कमी, मग निदान वेगाने तरी जास्त, हा हिशेब. बोल्टचा धोका माहीत असून घेतलेला जुगार. म्हंजे जुगारी म्हणायचंच असेल तर इथे म्हणा! आधी वाटलं होतं पत्र्यामागे जाड कागद घालून भागेल, पण तेवढ्याने भागलं नाही, बोल्टच मिश्रधातूचे करावे लागले आणि ते पुढच्या लोकांनी केलं.

१३ जुलै
कुक आणि मंडळी. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सफरीमागे मंत्री म्हणून सँडविच होता, त्यामुळे नकाशात जिकडेतिकडे त्याचं नाव, अगदी हवाई बेटांना पण कुकने १७७८ मध्ये सँडविच बेटं म्हटलं. दुसऱ्या सफरीआधी जोसेफ बँक्स, श्रीमंत निसर्गशास्त्रज्ञ, सँडविचबरोबर गळ टाकून मासे धरत बसणारा दोस्त, त्याने आपल्या लवाजम्यासाठी रेझोल्यूशन जहाजावर एक मजलाच वाढवून घेतला. जहाज वरून इतकं जड झालं की उलटेल म्हणून पायलटने पुढे न्यायला नकार दिला. मजला काढला. बँक्सने धक्क्यावर पाय आपटून शिव्या घातल्या आणि सफरीवर गेला नाही. सँडविच दोस्ताच्या नाही, आरमाराच्या सुतारांच्या बाजूने उभा राहिला.
ताहितीच्या बाजूच्या बेटांवरून आलेला माई (इंग्रज ओमाय म्हणायचे) १७७४ मध्ये हिंचिंगब्रूकला पाहुणा होता, त्याने बागेत खड्डा खणून, दगड तापवून, त्याच्या पद्धतीने मटण शिजवून घातलं. पोपटीच की ही! रायगडकडचे लोक व्याख्यानाला असतील तर हमखास मान डोलावतील.
कुक फेब्रुवारी १७७९ मध्ये हवाईत मारला गेला. बातमी लंडनला पोचली जानेवारी १७८० मध्ये, कामचाटकावरून सायबेरिया ओलांडून आलेल्या पत्राने. अकरा महिने. सँडविचने बँक्सला लगेच चिठ्ठी लिहिली, सुरुवातच बिचारा कुक गेला अशी.

१७ जुलै
जानेवारी १७७९. ह्या महिन्यासाठी एक वेगळी स्लाइड.
पोर्ट्समथला ॲडमिरल केपेलवर कोर्ट मार्शल. जुलै १७७८ मध्ये अशांट बेटापाशी फ्रेंचांशी लढाई झाली, निकाल काहीच नाही, केपेल विरोधी पक्षाचा, त्याच्या हाताखालचा पॅलिसर सँडविचचा माणूस, दोघांनी एकमेकांवर दोष ढकलला. ११ फेब्रुवारीला केपेल निर्दोष सुटला आणि लंडनमध्ये जमावाने दिवे लावले, दगड हाणले, ॲडमिरल्टीच्या फाटकापर्यंत जाऊन धुडगूस घातला. आणि बरोब्बर त्याच जानेवारीत इकडे वडगावला, तळेगावच्या पलीकडे, मुंबईकरांची इंग्रज फौज मराठ्यांनी कोंडून शरण आणली. पुण्यात सँ ल्युबँ नावाचा फ्रेंच माणूस नाना फडणीसांकडे येऊन गेल्यापासून मुंबईकर इंग्रजांची झोप उडालेलीच होती. आपण वडगाव शाळेत वेगळं शिकलो, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध वेगळ्या धड्यात, पण लंडनमधल्या एका टेबलावर ही दोन्ही एकाच सुमारास येऊन पडत होती, फक्त आपली टपाल सहा महिने उशिरा.

२१ जुलै
त्याच्या विरुद्ध बाजूही लिहून ठेवतो, नाहीतर मी त्याचा वकील होत चाललोय.
एक, मार्च १७७५ मध्ये लॉर्ड्समध्ये अमेरिकन वसाहतवाल्यांना कच्चे, बेशिस्त, भेकड म्हणाला. महिनाभराने लेक्सिंग्टन, त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई. दोन, ग्रीनिच हॉस्पिटल, म्हाताऱ्या खलाशांसाठीचं, तिथे खलाशी नसलेली माणसं पोसली जातात, हंटिंग्डनच्या मतांसाठी, असा आरोप कॅप्टन बेली ह्याने छापून केला. १७७८. बेलीचं पद गेलं, खटला झाला, बचावाला अर्स्किन नावाचा अगदी नवखा वकील. त्याने सँडविचचं नाव घेतलं तेव्हा न्यायाधीश म्हणाले लॉर्ड सँडविच कोर्टापुढे नाहीत, तर तो म्हणाला, ते नसतील तर मी आणतो त्यांना कोर्टापुढे. एका दिवसात नाव झालं पोराचं.
वशिला तेव्हा सगळेच लावायचे हे खरं, पण म्हाताऱ्या खलाशांच्या ताटातला लावावा का.

२६ जुलै
मार्था रे. गेला आठवडा हे पान उघडतो आणि बंद करतो.
लग्नाची बायको डोरोथी, तिच्या मनावर परिणाम झाला, १७५५ मध्ये वेगळी झाली. काही वर्षांनी मार्था आली, कपडे शिवणाऱ्या दुकानात उमेदवारी करणारी, सतरा-अठरा वर्षांची, हा चाळिशी ओलांडलेला. त्याने तिला गाणं शिकवलं. पुढची सोळा-सतरा वर्षं ती त्याच्या घरात. हिंचिंगब्रूकला हँडल ह्या संगीतकाराच्या रचनांचे कार्यक्रम व्हायचे, ती गायची, आणि आरमारमंत्री स्वतः नगारे वाजवायचा, हे खरंच आहे, वाद्यवृंदात बसून. पण गाणं संपलं की ती पाहुण्या बायकांत मिसळायची नाही. घरमालकीण आणि घरमालकीण नाही, दोन्ही.
तिथेच एक लष्करी अधिकारी यायला लागला, जेम्स हॅकमन, तिच्या मागे लागला, तिने नाही म्हटलं, त्याने नोकरी सोडली, पाद्री झाला, परत विचारलं. ७ एप्रिल १७७९ ला ती कॅटरीना गॅली ह्या गायिकेबरोबर कॉव्हेंट गार्डनच्या थिएटरला गेली. खेळ सुटला, गाडीकडे जाताना गर्दीत कोणीतरी हात दिला, तेवढ्यात हॅकमनने मागून येऊन कपाळावर पिस्तूल चालवलं, दुसरं स्वतःवर, ते नीट लागलं नाही. ती जागेवर गेली. सँडविच ॲडमिरल्टीत जेवायला तिची वाट बघत बसला होता. बातमी कळल्यावर म्हणाला म्हणतात की दुसरं काहीही सोसलं असतं, हे नाही.
बारा दिवसांत खटला होऊन हॅकमनला फाशी. आणि वर्तमानपत्रांना दया कोणाची आली, तर हॅकमनची. प्रेमात वेडा झालेला सुंदर तरुण वगैरे. आजही मथळे असेच असतात, नाव बदलून घ्या फक्त.
ही बाजूला बसून वाचत होती. म्हणाली, ह्यात ती काय म्हणाली ते कुठेच नाही. मी वहीत शोधलं. खरंच नाही.
तिला त्याच्यापासून मुलं होती, पाच मोठी झाली. त्यातला बॅसिल माँटेग्यू पुढे वकील झाला, आणि त्याने आयुष्यातली बरीच वर्षं कशात घातली, तर फाशीची शिक्षा कमी व्हावी ह्या चळवळीत. आईच्या खुन्याला फाशी झाली तेव्हा तो नऊ वर्षांचाही झालेला नव्हता.

३ ऑगस्ट
शेवट लहान ठेवतो. अमेरिकेच्या युद्धात यॉर्कटाउन हरलं, फेब्रुवारी १७८२ मध्ये विरोधी पक्षाच्या फॉक्सने आरमाराच्या कारभाराविरुद्ध ठराव आणला, तो फक्त २२ मतांनी पडला. मार्चमध्ये सरकारच गेलं. तीन आठवड्यांनी, १२ एप्रिलला, वेस्ट इंडीजमध्ये सेंट्सच्या लढाईत रॉडनीने फ्रेंचांना झोडपलं, त्याच तांबं ठोकलेल्या जहाजांनी. श्रेय वाटून झालेलं होतं, हा घरी. मेमध्ये इकडे सालबाईचा तह, मराठ्यांशी चाललेलं युद्ध मिटलं. ३० एप्रिल १७९२ ला सँडविच वारला.

१० ऑगस्ट
पहिली तालीम. ६७ मिनिटं! भाचा म्हणाला, मामा, लाकूडच एकवीस मिनिटं आहे. मी म्हटलं ते कमी होणार नाही. मग दोघांनी बसून काटलं: दिवाण क्लब गेला, जनरल गेला, बँक्सचा मजला अर्ध्यावर, चहाडी तीन मिनिटं. खापरपणजोबांचं वऱ्हाड भाच्याने वाचवलं. चिटणीसांना फोनवर क्रम सांगितला तर म्हणाले, जुगार पहिल्या पाच मिनिटांत येऊ दे, नाहीतर लोक उठतील. बरण्या पहिल्या पाच मिनिटांत आणतो म्हटलं, लोक बघतील तरी.

१७ ऑगस्ट
दुसरी तालीम ४४. चालेल. मार्थाच्या भागात स्लाइड ठेवली नाही. तिचं चित्र उपलब्ध आहे, पण पडद्यावर चेहरा आला की लोक ती दिसायला कशी होती तेच बघतात. दोन मिनिटं पडदा कोरा राहील, चिटणीसांना आधीच सांगितलंय, प्रोजेक्टर बिघडला म्हणून कोणी उठू नये.
खिळे बदलले, जुना पट्टीवाला आता हातात घेतला तर मोडेल असा झालाय. तो मात्र तसाच नेणार.

२३ ऑगस्ट, रात्री
झालं. बाहेर धो धो पाऊस, तरी छत्तीस जण. खिळा हातोहात फिरवला, तिसऱ्या रांगेत एका आजोबांच्या हातात मोडला, ते बिचारे ओशाळले, मी म्हटलं त्यासाठीच आणला होता. प्रश्न एकूण पाच, त्यातले तीन पोपटीवर. एका बाईंनी विचारलं बॅसिलने आईबद्दल कुठे लिहिलंय का. बघून सांगतो म्हटलं, वहीत नोंद केली.
चहाबरोबर समितीने काय ठेवलं होतं ते लिहायला नको. काकडी-टोमॅटो, हिरवी चटणी, वर शेव.
रेकॉर्डिंग ठीक, पावसाचा आवाज बराच आहे पण शब्द कळतात. पेनड्राइव्ह वाचनालयात जमा केला, दोन बरण्या आणि मोडलेला खिळा पण त्यांना कपाटात ठेवायचाय म्हणाले, दिला. पावती घेतली, तीन नग.